नेव्हीत गेलेल्या मुलांची घरे

रत्नागिरी जिल्ह्यातून नौदलात खलाशी म्हणून भरती होणारा मुलगा आज बहुधा कॉलेजातून जातो. बारावी सायन्स झालेला असतो, एफवाय किंवा एसवाय बीएस्सीच्या वर्गात बसत असतो, नाहीतर मेकॅनिकल-इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून मोकळा झालेला असतो. त्याच्या घरात भरतीचे पत्र आले की दोन प्रश्न उठतात. एवढे शिकवून खलाशीच का, हा पहिला; तो सहसा बाप विचारतो आणि चारचौघांत विचारत नाही. गणपतीला येणार का, हा दुसरा. तो आई विचारते आणि पुढची काही वर्षे विचारत राहते. पहिल्याचे उत्तर माहितीने मिळते. दुसऱ्याचे मिळत नाही, आणि घराची खरी परीक्षा तिथेच होते.

मूल दूर जाणे या जिल्ह्याला अपरिचित नाही. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरीची लोकसंख्या १६,१५,०६९ भरली. दहा वर्षांपूर्वी ती १६,९६,७७७ होती. माणसे वाढण्याऐवजी घटली. हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया, हा त्याच गणनेतला आकडा. महाराष्ट्रात एकूण मुलींचे प्रमाण घसरत असताना इथे बायका जास्त दिसतात, याचे मुख्य कारण पुरुष मुंबईत आहेत हे आहे. गिरण्या चालू होत्या तेव्हा गावच्या मंडळांनी लालबाग-परळला खोल्या घेतल्या होत्या. नवा पोरगा तिथे उतरायचा, गावचाच कोणी त्याला खात्यात लावायचा, खाणावळ ठरलेली असायची. मनीऑर्डर यायची. पोरगा आजारी पडला तर त्याने कळवण्याआधी शेजाऱ्याच्या पत्रातून घरी कळायचे. गिरण्यांचा संप १९८२ मध्ये झाला, गिरण्या गेल्या, तरी ही रीत पुष्कळशी टिकली. चाकरमानी वर्षातून दोनदा घरी येतो, गणपतीला आणि शिमग्याला, आणि मे महिन्यात आंब्याला जमले तर तिसऱ्यांदा. आईबापांनी विरह सोसायचा तो या पंचांगाच्या आधाराने.

नौदल हे पंचांग पाळत नाही. तिथे गावचे मंडळ नाही, खोली नाही, शेजारी नाही. रजा वर्षाला तीस दिवस, आणि ती कधी मिळेल हे जहाजाच्या कामावर ठरते. पुण्याला आयटीत गेलेला मुलगा गणपतीला येत नाही तेव्हा तो आला नाही असे म्हणतात. नेव्हीतला येत नाही तेव्हा त्याला सोडले नाही असे म्हणावे लागते. आईबापांना हा फरक उमजायला एखादा गणपती जावा लागतो.

तशी नौदलाची आणि रत्नागिरीची ओळख जुनी आहे. कान्होजी आंग्र्यांचे सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग याच किनाऱ्यावरचे. विजयदुर्ग १९८१ मध्ये जिल्ह्याचे विभाजन झाल्यावर सिंधुदुर्गात गेला. इंग्रजांच्या मरीन दलाने खलाशी घेतले तेही प्रामुख्याने इथूनच, त्यांतही कोकणी मुसलमान घराण्यांतून. दाभोळ, बाणकोट, जयगड या बंदरांतली पोरे पिढीजात दर्यावर्दी होती आणि लिहितावाचता येणे ही त्यांच्या भरतीची अट नव्हती. भूदलातली भरतीही जिल्ह्याला माहीत होती. दापोलीचा कॅम्प हे तेव्हा पेन्शनरांचे गाव. डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ मूळचे मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे, आणि निवृत्तीनंतर काही काळ ते याच दापोलीत राहिले. पलटणीत शिपायांच्या मुलामुलींना शाळा होती, आणि महार घरांत अक्षरओळख शिरली ती बऱ्याच अंशी त्या वाटेने. म्हणजे तेव्हा भरतीमुळे घरात शिक्षण येत होते. आता शिक्षण आधी येते आणि त्यातून मुलगा भरतीकडे वळतो. आज बापाला बोचते ते हे उलटे झालेले गणित.

शिकलेल्या खलाशाचा सल काय असतो हे देशाने एकदा पाहिलेलेही आहे. १९३४ मध्ये स्थापन झालेले रॉयल इंडियन नेव्ही दुसऱ्या महायुद्धात कितीतरी पटींनी वाढले. सिग्नल आणि वायरलेससाठी शिकलेली पोरे लागली, तेव्हा जाहिरातींत भवितव्याची मोठी वचने दिली गेली. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत ‘तलवार’ या संदेशवहन प्रशिक्षण केंद्रातल्या खलाशांनी निकृष्ट जेवण आणि अधिकाऱ्याची अपमानास्पद भाषा यांवरून न्याहारी नाकारली, आणि तिथून पसरलेले बंड २३ तारखेपर्यंत चालले. त्या बंडामागे राजकारण होते तसे दिलेल्या वचनांचा भंगही होता. आजच्या नौदलाची त्या नौदलाशी तुलना होऊ शकत नाही. पण शिकलेल्या मुलाला हुकूम पाळायला जड जाईल, ही बापाच्या मनातली धास्ती अगदीच निराधार नाही, एवढे इतिहासावरून म्हणता येते.

या धास्तीचा दुसरा अर्धा भाग निव्वळ अपुऱ्या माहितीचा असतो. नौदलात शिरायच्या वाटा वेगवेगळ्या आहेत. बारावी सायन्सनंतर एनडीए. जेईई मेनच्या गुणांवरून बीटेक कॅडेट. इंजिनिअरिंगच्या पदवीनंतर सीडीएस किंवा शॉर्ट सर्व्हिस कमिशन. या वाटांनी जाणारा अधिकारी होतो. त्याला एसएसबीची पाच दिवसांची मुलाखत पार करावी लागते आणि प्रशिक्षणाच्या ओघात तो केरळात कन्नूरजवळच्या एळिमला अकादमीत पोहोचतो. खलाशांची भरती वेगळी. जून २०२२ पासून ती अग्निपथ योजनेतून होते; तीत घेतलेल्याला अग्निवीर म्हणतात आणि त्याची मुदत चार वर्षांची असते. गणित आणि फिजिक्स घेऊन बारावी झालेल्यांसाठी एसएसआर, दहावीवाल्यांसाठी एमआर. फिनोलेक्स अकादमीत किंवा लवेलच्या घरडा इन्स्टिट्यूटमध्ये बीई करणाऱ्याच्या बापाला अधिकाऱ्याच्या वाटेची थोडीफार कल्पना असते. बीएस्सी करणाऱ्याच्या बापाला बहुधा नसते, आणि साध्या बीएस्सीला अधिकारपदाची दारेही त्या मानाने थोडीच उघडी आहेत.

त्यात वयाची मेख आहे. अग्निवीराचे वय साडेसतरा ते एकवीस. योजनेच्या पहिल्या वर्षी अपवाद म्हणून वरची मर्यादा तेवीस केली होती, पुढे ती सवलत राहिली नाही. तीन वर्षांची पदवी हातात येईपर्यंत मुलगा वीस-एकवीसचा होतो. त्यामुळे पदवी पुरी करून मग खलाशी व्हायला जेमतेम काही महिन्यांची फट उरते, आणि पुष्कळ मुले कॉलेज अर्ध्यावर सोडून जातात. गोगटे-जोगळेकर कॉलेजात किंवा चिपळूण-खेड-दापोलीच्या कॉलेजांत प्रवेश घेऊन ठेवायचा, एकीकडे पहाटे उठून धावायचे, कॉल आला की निघायचे, हा आता ठरून गेलेला क्रम आहे. रत्नागिरीत एनसीसीचे नेव्हल युनिट आहे. त्यातल्या मुलांना जहाजाच्या रचनेची आणि शिडाच्या होडीची ओळख झालेली असते, आणि त्यांच्या आईबापांनाही पोराचा पांढरा गणवेश पाहायची थोडी सवय झालेली असते. इतरांच्या घरी ही बातमी अंगावर येते. पोराने ऑनलाइन फॉर्म भरला, साडेपाचशे रुपये आणि वर जीएसटी भरला, कॉम्प्युटरवर परीक्षा दिली, आणि घरी सांगितले ते मैदानी चाचणी पास झाल्यावर, असे सर्रास घडते. अर्ज करताना तो अठराच्या आत असेल तर मात्र त्याला सांगावेच लागते, कारण नावनोंदणीच्या कागदावर पालकाची सही लागते. बऱ्याच बापांनी ही सही दोन-चार दिवस अडवलेली असते. ती कायमची अडवण्यात फारसा अर्थ नसतो. अठरा पूर्ण झाले की सहीची गरज संपते.

खलाशी म्हणजे डोलकाठीवर चढणारा आणि डेक धुणारा माणूस, हे घरातले चित्र एसएसआरच्या बाबतीत जुने झाले आहे. रडार, सोनार, तोफा, क्षेपणास्त्रे, दळणवळण, इंजिनरूम, वीजपुरवठा अशी त्याची कामे असतात. यंत्रकामाचे प्रशिक्षण लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीत होते, विजेच्या कामाचे जामनगरच्या आयएनएस वलसुरात. मुलाने यातले थोडे समजावून सांगितले की बाप निवळतो. एमआरचे तसे नाही. तिथे शेफ, स्ट्यूअर्ड आणि हायजिनिस्ट, म्हणजे स्वयंपाक, वाढप आणि स्वच्छता, ही कामे येतात. दहावीची अट असली तरी बारावी झालेली, कॉलेजात गेलेली मुलेही त्या यादीत असतात, कारण एसएसआरचे मेरिट गाठता आलेले नसते. अशा घरांत गावाला नुसते ‘नेव्हीत लागला’ एवढेच सांगतात आणि पुढचा प्रश्न टाळतात. ही लाज अनाठायी आहे. लढाऊ जहाजावर आग लागली किंवा पाणी शिरले की शेफलाही नेमून दिलेल्या जागी उभे राहावे लागते, आणि अडीचशे-तीनशे माणसांचे जेवण भर समुद्रात वेळेवर निघणे ही जहाजाच्या दृष्टीने किरकोळ बाब नाही. तरीही आपल्या घरात भांड्याला हात न लावलेला मुलगा तिथे भांडी घासणार, हे गिळायला आईला वेळ लागतो, आणि तो तिला द्यावा.

मैदानी चाचणी मुलांना १.६ किलोमीटर साडेसहा मिनिटांत, मुलींना आठ मिनिटांत. त्यानंतर मेडिकल. रंगांधळेपणा, दात, कान, गुडघे यांत अनेक जण अडकतात. हे सगळे पार केले तरी ओडिशातल्या चिल्का येथे पुन्हा वैद्यकीय तपासणी होते आणि तिथून काही मुले परत येतात. ज्यांनी गावभर पेढे वाटलेले असतात त्यांची पंचाईत होते. अनुभवी घरे म्हणून चिल्क्याची तपासणी आटोपेपर्यंत गप्प राहतात.

आयएनएस चिल्का हे नौदलाचे खलाशी घडवणारे केंद्र चिल्का सरोवराच्या काठी आहे. रत्नागिरीहून तिथे जायचे तर आधी कोकण रेल्वेने मुंबई गाठायची, आणि तिथून भुवनेश्वरकडे जाणाऱ्या गाडीने सारा द्वीपकल्प आडवा कापून पूर्व किनाऱ्यावर उतरायचे. दोन रात्री प्रवासातच जातात. मुंबईपलीकडे न गेलेल्या आईबापांना हे अंतर नकाशावर दाखवावे लागते. सुरुवातीचे प्रशिक्षण सोळा आठवड्यांचे. मोबाइलवर बंधन असते, बोलणे ठरलेल्या वेळी आणि थोडेच. आईबापांच्या दृष्टीने सर्वात अवघड काळ हाच, कारण मुलगा पहिल्या काही फोनांवर हमखास रडतो. पाय सुजले, झोप होत नाही, जेवण जात नाही, परत येतो. इथे घराने धीर धरायचा असतो, आणि त्याचे कारण केवळ भावनिक नाही. अग्निवीराला मुदतीपूर्वी स्वतःच्या इच्छेने सुटता येत नाही. अत्यंत अपवादात्मक कारण असेल आणि वरिष्ठांनी मंजुरी दिली तरच सुटका होते. न सांगता निघून येणे हा नौदलाच्या कायद्याखाली गुन्हा ठरतो. ‘नको असेल तर ये परत’ असे मायेपोटी म्हणणारे आईबाप न कळत त्याला संकटात ढकलत असतात. जे सांभाळून घेतात ते घरचे सांगतात: काजू किती झाला, गाय व्याली, रस्त्याचे काम कुठवर आले. रडणे साधारण दुसऱ्या महिन्यात थांबते. पुढे तक्रार उलटी होते, की आता हा फोनवर बोलतच नाही.

प्रशिक्षणाच्या अखेरीस पासिंग आऊट परेड होते. अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीची परेड २८ मार्च २०२३ रोजी चिल्क्याला सूर्यास्तानंतर दिव्यांच्या प्रकाशात झाली. सुमारे २६०० जण त्यात होते. परेडला जायचा खर्च आणि दोन्हीकडचा प्रवास धरता सगळ्यांना ते जमत नाही, पण ज्यांना जमते त्यांनी जावे. पोराला ओळखायला आईला क्षणभर वेळ लागतो, वजन उतरलेले असते, मान ताठ असते. बापाच्या मनातली खलाशी शब्दाची अढी बऱ्याचदा त्या मैदानावर सुटते.

जहाजावर नेमणूक झाली की दुसरे पर्व सुरू होते, आणि त्याचा विषय मौन. पूर्वी घराकडे एक पत्ता असायचा: मुलाचे नाव, नंबर, जहाजाचे नाव, मार्फत फ्लीट मेल ऑफिस, मुंबई. जहाज कुठेही असो, पत्र तिथे टाकायचे. महिन्याने उत्तर येई आणि त्यात कुठून लिहिले ते नसे. आजच्या आईबापांना व्हॉट्सअ‍ॅपची सवय आहे, निळ्या खुणा दिसल्या नाहीत की त्यांचा जीव वरखाली होतो. डिसेंबर २०१९ मध्ये हेरगिरीच्या प्रकरणात काही खलाशांना अटक झाली आणि त्यानंतर नौदलाने जहाजांवर आणि तळांवर स्मार्टफोन आणि फेसबुक यांना बंदी घातली. समाजमाध्यमांवर तरुण मुलीच्या नावाने ओळख वाढवायची आणि जहाजांच्या हालचाली काढून घ्यायच्या, ही त्या प्रकरणातली रीत होती. त्यामुळे घरानेही काही पथ्ये पाळायची असतात. जहाज कुठे आहे, कधी निघणार, कधी परत येणार हे विचारायचे नाही. सांगितलेच तर वाडीतल्या ग्रुपवर टाकायचे नाही. गणवेशातला फोटो स्टेटसला ठेवायचा नाही. ज्याचे कौतुक साऱ्या गावाने करावे असे वाटते त्याच्याविषयी गप्प बसायचे, हे कोकणातल्या माणसाला सोपे नाही. इथे शेजाऱ्याच्या घरी पाहुणा कोण आला याची खबर दुपारपर्यंत तीन वाड्यांना असते.

मौनाच्या काळात आईबाप बातम्या बघतात, आणि बातम्यांनी घाबरतात. २०२३ च्या अखेरीपासून एडनच्या आखातात आणि सोमालियाच्या बाजूला नौदलाची जहाजे गस्तीला होती. मार्च २०२४ मध्ये ‘रुएन’ या अपहृत जहाजावरून ३५ चाचे पकडून मुंबईत आणले गेले. मे २०२५ मध्ये पाकिस्तानशी संघर्ष पेटला तेव्हाही नौदल समुद्रात सज्ज होते. अशा दिवसांत मुलगा कोणत्या जहाजावर आहे हे घराला माहीत असते, ते जहाज कुठे आहे हे माहीत नसते. अनुभवी बाप टीव्ही बंद करतात. आया बहुधा करू देत नाहीत.

समुद्राविषयी मात्र सगळी घरे सारखी घाबरत नाहीत. बाहेरच्यांना सगळी रत्नागिरी समुद्राची वाटते. प्रत्यक्षात संगमेश्वर, लांजा, राजापूरच्या सड्यावरची आणि सह्याद्रीच्या पायथ्याची गावे शेतीची आहेत, आणि तिथल्या कित्येकांनी समुद्र गणपतीपुळ्याला दर्शनाला गेल्यावरच पाहिलेला असतो. त्यांची भीती धूसर असते, आणि समजूत घातली की कमी होते. मिरकरवाडा, हर्णै, जयगडकडच्या घरांची भीती नेमकी असते. त्यांना पावसाळ्यातला दर्या ठाऊक आहे. जून-जुलैमध्ये मासेमारी बंद, नारळी पौर्णिमेला नारळ सोडल्याशिवाय होडी लोटायची नाही, या नियमात ती वाढलेली असतात. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली, ती गोष्ट किनाऱ्यावर अजून सांगितली जाते, आणि ती सांगताना महिना कोणता होता हे कोणी विसरत नाही. युद्धनौका आषाढातही बाहेर पडते हे अशा घराला पटवणे कठीण जाते. हजारो टनांचे जहाज आणि ट्रॉलर यांत काय फरक आहे, हे मुलगा सुट्टीवर येऊन सांगेपर्यंत आई दर पावसात समुद्राकडे पाठ करून बसते.

खरा धोका कुठे असतो, हेही घराला कधीतरी समजून घ्यावे लागते. स्वातंत्र्यानंतर युद्धात बुडालेले भारतीय नौदलाचे जहाज एक, आयएनएस खुकरी. ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवजवळ पाणबुडीने ती बुडवली आणि १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. त्यानंतरच्या मोठ्या दुर्घटना शांततेच्या काळातल्या आहेत, आणि काही तर धक्क्याला लागलेल्या जहाजांवरच्या. १४ ऑगस्ट २०१३ रोजी मुंबई गोदीत सिंधुरक्षक पाणबुडीत स्फोट होऊन १८ जणांचा मृत्यू झाला. मृतदेहांची ओळख पटवायला डीएनए तपासावे लागले आणि कुटुंबांना तोवर थांबून राहावे लागले. जानेवारी २०२२ मध्ये रणवीरवर स्फोट झाला, त्यात तिघे गेले. म्हणून भरतीच्या वेळी भरलेला निकटच्या नातलगाचा तपशील, म्हणजे नाव, पत्ता, चालू फोन नंबर, नीट आहे ना हे घराने एकदा पाहून ठेवावे. पुष्कळ घरे याचा उच्चारही अशुभ मानतात. अग्निवीराचा ४८ लाखांचा विमा असतो, त्याचा हप्ता त्याला भरावा लागत नाही. सेवेमुळे मृत्यू ओढवला तर ४४ लाखांची सानुग्रह रक्कम आणि उरलेल्या मुदतीचा पगार मिळतो. पेन्शन मिळत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचीनमध्ये कर्तव्यावर असताना मरण पावलेला पहिला अग्निवीर बुलढाणा जिल्ह्यातला, भूदलातला होता, आणि पेन्शनच्या या फरकाची चर्चा महाराष्ट्रातल्या घराघरांत पोहोचली ती तेव्हा.

एवढ्या सगळ्यात आईबाप उभे कशावर राहतात, तर बव्हंशी गावावरच. निघताना ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घातले जाते, कुठे कौल लावला जातो. उजवा कौल मिळाला की आईचा निम्मा विरोध मावळतो. शिमग्याला देवीची पालखी अंगणात येते तेव्हा ओटी भरताना नेव्हीतल्या मुलाचे नाव घेऊन राखण मागतात, आणि गुरव किंवा मानकरी ते मोठ्याने म्हणतात. पोरगा हजर नसतानाही त्या दिवशी गावात त्याची नोंद होते. याला अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारणाऱ्याने एवढे पाहावे की त्या घरासाठी दुसरी कोणतीही व्यवस्था नाही. नौदलाची कल्याणकारी संघटना मुख्यत्वे नौसैनिकांच्या पत्नींसाठी आहे आणि ती तळांवर काम करते. रत्नागिरीतले जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय प्रामुख्याने माजी सैनिक आणि त्यांच्या अवलंबितांसाठी. चाकरी करणाऱ्या अविवाहित मुलाचे गावातले आईबाप दोन्हींच्या कक्षेत अर्धेमुर्धेच येतात. त्यांना खरा उपयोग होतो तो तालुक्यातल्या निवृत्त नौसैनिकाचा. असा एखादा मास्टर चीफ प्रत्येक तालुक्यात सापडतो. तो रजेचे नियम सांगतो, फोन का येत नसेल ते सांगतो, आणि ‘जहाज बाहेर आहे, आले की लागेल फोन’ हे त्याने म्हटले की घराला ते खरे वाटते.

मुली हा यातला सर्वात नवा भाग. खलाशांच्या पदांवर मुलींना घेणे नौदलाने २०२२ मध्ये सुरू केले, आणि पहिल्या तुकडीत २७३ मुली होत्या. मुलीच्या बाबतीत आईबापांचे प्रश्न वेगळे होतात. खलाशी का, हे कोणी फारसे विचारत नाही. जहाजावर राहायची सोय काय, आणि लग्नाचे काय, हे विचारतात. मुदतीच्या चार वर्षांत लग्न करता येत नाही. केले तर सेवेतून काढले जाते. हा नियम मुलांनाही आहे, पण मुलाच्या घरी तो कोणाच्या लक्षातही येत नाही. मुलीच्या घरी मात्र तो कधी तक्रारीचा विषय होतो तर कधी ढालीचा. स्थळे घेऊन येणाऱ्या मावशीला आई आता नियम दाखवते.

पैशांचा हिशेब बाप लवकर शिकतो. पहिल्या वर्षी महिना ३०,०००, चौथ्या वर्षी ४०,०००. त्यातले तीस टक्के सेवा निधीत जातात, म्हणजे सुरुवातीला हातात २१,००० येतात. सरकार तेवढीच भर घालते, आणि चार वर्षांनी व्याजासह सुमारे ११.७१ लाख करमुक्त मिळतात. रत्नागिरीत त्या वयाच्या कॉलेजकुमाराला इतके देणारी नोकरी सहज सापडत नाही, आणि राहणे-जेवणे सरकारचे. अडचण त्यानंतरच्या काळाची आहे. आईबापांच्या डोक्यात असते ते जुने गणित: पंधरा वर्षे नोकरी, पस्तिशीत पेन्शन घेऊन घरी, मग बँकेत किंवा गोदीत दुसरी नोकरी. गावातल्या ज्या काकाचे उदाहरण ऐकून पोरगा गेला, तो काका त्या गणितातला. अग्निवीरांपैकी कायम होतात ते जास्तीत जास्त पंचवीस टक्के. बाकीचे बाविशी-पंचविशीत घरी परततात, पेन्शनशिवाय आणि माजी सैनिकाच्या दर्जाशिवाय. केंद्रीय पोलीस दले आणि तटरक्षक दल यांत त्यांच्यासाठी दहा टक्के जागा राखण्याचे २०२२ मध्ये जाहीर झाले होते.

म्हणून अर्धवट सोडलेल्या पदवीचा प्रश्न परत येतो, आणि तो घराने पहिल्याच वर्षी सोडवायचा असतो. नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षानंतर सर्टिफिकेट आणि दुसऱ्या वर्षानंतर डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येते. मिळवलेली क्रेडिट्स अकॅडेमिक बँकेत सात वर्षांपर्यंत राहतात. कॉलेज सोडताना ती नोंद झाली आहे ना, हे मुलगा गडबडीत पाहत नाही. बापाने कार्यालयात जाऊन पाहावे. इग्नूने अग्निवीरांसाठी तीन वर्षांची पदवी आखली आहे, तिच्यात निम्मी क्रेडिट्स सेवेतल्या प्रशिक्षणाची धरली जातात. नोव्हेंबर २०२२ मध्ये चिल्क्याला दाखल झालेल्या पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस भरतात. ज्यांच्या घरी इग्नूचे फॉर्म वेळेवर भरले गेले आणि परीक्षा दिल्या गेल्या, त्यांच्या हाती तोवर सेवा निधीबरोबर पदवीही असेल. ज्यांच्या घरी हे राहून गेले, त्यांना बारावीच्या गुणपत्रिकेवरच पोलीस भरतीच्या रांगेत उभे राहावे लागेल.